ड्रम्स शिकण्यासाठी व्हिडिओ निवडायचे कसे? (ताशा येतो, पण पाय चालत नाहीत)

ताशेवाला_नाशिक:

नमस्कार मंडळी. मी नाशिकला राहतो आणि गेली 9 वर्षे गणेशोत्सवात एका पथकात ताशा वाजवतो. यंदा विसर्जनानंतर ताशा माळ्यावर गेला आणि बरीच वर्षे मनात असलेले ड्रम्स शिकायला सुरुवात केली. घर सदनिकेत असल्यामुळे खरा ड्रमसेट आणणे शक्य नाही. सध्या एक रबरी प्रॅक्टिस पॅड आणि 5ए मापाच्या स्टिक्स घेतल्या असून पुढे जाळीच्या पॅडचा इलेक्ट्रॉनिक सेट घेण्याचा विचार आहे. नोकरीत पाळ्या बदलत असल्याने क्लास लावणे जमत नाही, त्यामुळे सगळी भिस्त व्हिडिओंवर आहे.

अडचण अशी आहे की गेल्या तीन आठवड्यांत मी निदान 60 व्हिडिओ पाहिले असतील आणि त्यांतला एकही धड पूर्ण केलेला नाही. एक शिक्षक म्हणतो की महिनाभर फक्त पकड सुधारा, दुसरा पहिल्याच दिवशी गाण्याबरोबर वाजवायला लावतो, तर तिसरा ‘40 रुडिमेंट्स (आघातांचे ठरावीक मूलभूत क्रम) येत नसतील तर तुम्ही ड्रमर नाही’ अशी तंबी देतो. प्रत्येकाचे बोलणे ऐकताना पटते आणि दुसऱ्या दिवशी पॅडपुढे बसलो की नेमके काय करायचे ते सुचत नाही. चांगला व्हिडिओ नवशिक्याने कोणत्या खुणांवरून ओळखावा, आणि फुकट मिळणारे साहित्य पुरते की वर्गणी भरावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

पॅरडिडल:

मी ठाण्यात ड्रम्स शिकवतो, त्यामुळे व्हिडिओंविषयीचे माझे मत आपमतलबी वाटण्याचा संभव आहे. पण माझे विद्यार्थीही आठवडाभर घरी व्हिडिओ पाहतात आणि कोणत्या व्हिडिओने त्यांचे काम सोपे केले व कोणत्याने हात बिघडवला, हे शनिवारी मलाच निस्तरावे लागते. त्या अनुभवावरून लिहितो.

व्हिडिओत शिक्षक काय बोलतो याच्या आधी कॅमेरा कुठे ठेवला आहे ते पाहा. समोरून घेतलेल्या चित्रात वादकाचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला येतो, आणि नवशिक्याची निम्मी शक्ती मनातल्या मनात ही उलटापालट करण्यातच खर्च होते. काही जण सोयीसाठी चित्र आरशासारखे उलटवून टाकतात आणि तसे सांगतही नाहीत. हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या डाव्या बाजूला असते, म्हणजे समोरून पाहताना ती पडद्याच्या उजवीकडे दिसायला हवी. ती डावीकडे दिसली तर वादक डावखुरा असतो किंवा चित्र उलटवलेले असते. बेस ड्रमच्या (पायाने पेडल दाबून वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) पुढच्या चामड्यावरची अक्षरे उलटी दिसली की शंका उरत नाही. शिकण्यासाठी सर्वांत उपयोगी चित्र डोक्यावरून, वादकाच्या मागच्या बाजूने घेतलेले असते, कारण तुम्ही स्वतः बसल्यावर तुम्हालाही तेच दिसते. त्याच्या जोडीला पायांवर वेगळा कॅमेरा असेल तर तो व्हिडिओ बाजूला काढून ठेवा. तुमचे दुखणेच पायांचे आहे, आणि नवशिक्यांसाठीच्या बऱ्याच व्हिडिओंत पाय दिसतच नाहीत.

यानंतर मी विद्यार्थ्यांना एक साधी परीक्षा करायला सांगतो. दोन मिनिटे आवाज बंद करून व्हिडिओ पाहायचा आणि कोणता हात कधी पडतो ते सांगता येते का ते बघायचे. मग डोळे मिटून तोच भाग ऐकायचा आणि शिक्षकाची मोजणी व आघात वेगवेगळे ऐकू येतात का ते तपासायचे. या दोन्हींत जो टिकत नाही, तो व्हिडिओ करमणुकीसाठी ठीक आहे. पार्श्वसंगीत मोठे ठेवून त्यावर बोलणारे शिक्षक दुसऱ्या फेरीत हमखास बाद होतात.

वेगाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे पुष्कळ जण फसतात. यूट्यूबवर व्हिडिओचा वेग पाऊण किंवा अर्धा करता येतो, त्यामुळे मिनिटाला 100 ठोक्यांचा ग्रूव्ह (पुन्हा पुन्हा फिरणारा तालाचा तुकडा) पाऊण वेगात 75 ठोक्यांवर येतो आणि आघातांचा क्रम समजून घ्यायला त्याची मदत होते. परंतु हाताची हालचाल शिकण्यासाठी ही युक्ती वापरू नये. जलद वाजवताना स्टिक उसळून परत येते आणि बोटे तिला सांभाळतात, तर संथ लयीत मनगट अधिक काम करते. जलद वाजवलेले चित्र संथ केले म्हणून त्यातली हालचाल संथ वादनाची होत नाही. म्हणून जो शिक्षक तीच ओळ आधी 60 ठोक्यांवर स्वतः वाजवून दाखवतो, मग मूळ लयीत वाजवतो आणि शेवटी एखाद्या संगीताच्या तुकड्यात बसवून ऐकवतो, त्याला प्राधान्य द्या.

रुडिमेंट्सच्या तंबीने घाबरून जाऊ नका. अमेरिकेतील रुडिमेंटल ड्रमर्सच्या संघटनेने 1933 साली आवश्यक म्हणून 13 रुडिमेंट्स निवडली होती. आज सांगितला जाणारा 40 चा आकडा पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने 1984 मध्ये प्रमाणित केलेल्या यादीचा आहे. ती यादी आयुष्यभर पुरेल, पण पहिल्या सहा महिन्यांत सिंगल स्ट्रोक (हात आळीपाळीने), डबल स्ट्रोक (प्रत्येक हाताने दोन-दोन), साधे पॅरडिडल (उ-डा-उ-उ, डा-उ-डा-डा; उ म्हणजे उजवा, डा म्हणजे डावा) आणि फ्लॅम (मुख्य आघाताच्या किंचित आधी हलका आघात) एवढ्या चारांवर तुमचे उत्तम चालेल. ताशामुळे पहिली दोन तुमच्या हातात असणारच, मात्र ती बहुधा एकाच आवाजात असतील. मिरवणुकीत हळू वाजवायची वेळ येत नाही, ड्रम्सवर मात्र येते. एक आघात स्टिक वीतभर वर नेऊन आणि पुढचे तीन जेमतेम दोन-तीन इंच उचलून वाजवायला लावणारे व्हिडिओ तुम्ही मुद्दाम शोधावेत. सरसकट नवशिक्याला मी हे इतक्या लवकर सांगत नाही.

वर्गणीबद्दल माझे मत असे आहे की सुरुवातीला पैसे भरण्याची गरज नाही, परंतु जो काही फुकटचा साठा निवडाल तो क्रमवार असावा. ड्रमिओसारख्या कॅनडातल्या संकेतस्थळाची वर्गणी भरणारे मुख्यतः त्या क्रमाचेच पैसे देत असतात, कारण त्यांचे सुटे धडे यूट्यूबवर भरपूर सापडतात. क्रम हवा पण खर्च नको असेल, तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ड्रम किट परीक्षांचा अभ्यासक्रम समोर ठेवा. इनिशियलपासून (पहिल्या ग्रेडच्या आधीच्या पायरीपासून) आठव्या ग्रेडपर्यंत कशानंतर काय यावे हे त्यातून कळते. परीक्षा द्यायची नसली तरी इनिशियल आणि पहिल्या ग्रेडमध्ये जे अपेक्षित आहे तेवढेच व्हिडिओ शोधायचे असे ठरवले, की उरलेला पसारा आपोआप दूर राहतो.

धागेनातीनाके:

पॅरडिडल यांनी सविस्तर लिहिले आहेच. मी तबल्याकडून ड्रम्सकडे वळलेला माणूस आहे, त्यामुळे आपल्याकडच्या तालाची सवय कुठे उपयोगी पडते आणि कुठे नडते एवढेच सांगतो.

मोजणी समजावणारे इंग्रजी व्हिडिओ वेगाने बोलत असतील तर त्याची फार चिंता करू नका. क्वार्टर, एट्थ आणि सिक्स्टीन्थ नोट म्हणजे व्यवहारात बरोबरीची लय, दुगुन आणि चौगुन होत, आणि हे नाते एकदा ध्यानात आले की त्या धड्यांतला मोठा भाग ओळखीचा वाटू लागतो. बहुतेक व्हिडिओंत पहिला ग्रूव्ह म्हणून जो शिकवतात त्यात हाय-हॅटवर आठ आघात असतात. त्याला केरव्याच्या आठ मात्रांवर ठेवून पाहिले तर बेस ड्रम पहिल्या व पाचव्या मात्रेवर पडतो आणि स्नेअर (हाताने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) तिसऱ्या व सातव्या. एवढ्याने गणित सुटते, पण वजन सुटत नाही. आपले कान समेकडे (तालाच्या पहिल्या मात्रेकडे) ओढ घेतात आणि या संगीतात जोर स्नेअरवर, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो. मला ही सवय मोडायला तीन-चार महिने लागले आणि तोवर माझे वादन ऐकणाऱ्याला ‘भजनी’ वाटत असे. म्हणून नुसत्या सुट्या आघातांऐवजी बेस गिटारच्या साथीवर वाजवायला लावणारे धडे निवडा. लेहऱ्यावर (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीवर) तबल्याचा रियाज करतात, त्यातलाच हा प्रकार आहे.

एक सावधगिरीची सूचना करतो. तबला आणि ड्रम्स एकत्र ऐकायला मिळतील म्हणून तुम्ही तालवादक त्रिलोक गुर्टूंच्या वादनाचे व्हिडिओ उघडाल, आणि ते जरूर उघडावेत. गायिका शोभा गुर्टूंच्या या मुलाने दोन्ही वाद्यांची जी सांगड घातली तिला तोड नाही. पण ते जमिनीलगत, अर्धवट गुडघ्यावर बसून वाजवतात आणि त्यांची वाद्यांची मांडणी त्यांची स्वतःची आहे. त्यांच्याकडून लय कशी पेलावी ते ऐकावे, बैठक मात्र पाठ्यव्हिडिओतून शिकावी.

साउंडवाला_कोल्हापूर:

इलेक्ट्रॉनिक सेट घेणार असाल तर एक तांत्रिक गोष्ट आधीच जाणून घ्या. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज थोडा उशिरा पोहोचतो आणि हा उशीर सहज 150 ते 200 मिलिसेकंदांचा असू शकतो. केवळ व्हिडिओ पाहताना किंवा रबरी पॅडवर वाजवताना त्याने बिघडत नाही, कारण पॅडचा आवाज तुम्ही थेट ऐकता आणि हेडफोनमधल्या ठोक्याला धरून वाजवता. परंतु सेटवरचा तुमचा स्वतःचा आघात जेव्हा ब्लूटूथमधून कानात येतो तेव्हा सगळा घोटाळा होतो. मिनिटाला 100 ठोक्यांच्या लयीत हाय-हॅटच्या दोन आघातांमध्ये 300 मिलिसेकंदांचे अंतर असते, म्हणजे उशीर त्याच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत जातो. अशा वेळी वादकाला वाटते की आपली लय कच्ची आहे, आणि तो महिनाभर स्वतःला दोष देत बसतो. सेटच्या मॉड्यूलला (आवाज तयार करणाऱ्या पेटीला) वायरचाच हेडफोन जोडा आणि फोनमधला व्हिडिओही वायरने मॉड्यूलच्या ऑक्स इनपुटमध्ये (बाहेरचा आवाज घेण्याच्या जागी) द्या, म्हणजे दोन्ही आवाज एकत्र ऐकू येतील.

कधी मित्राकडे खऱ्या ड्रमसेटवर बसलात तर व्हिडिओ ऐकू यावा म्हणून इयरफोनचा आवाज चढवू नका. खऱ्या ड्रम्सचा आवाज 100 डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या मर्यादेनुसार 100 डेसिबलचा आवाज दिवसाला फक्त 15 मिनिटे सुरक्षित मानला जातो. इयरफोनवरून कारखान्यात वापरतात तसे कर्णरक्षक घातले की व्हिडिओ कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येतो. ताशाच्या शेजारी 9 वर्षे काढलेल्या माणसाने तर याचा विचार करावाच.

उशिरा_शिकलेली:

इथे कुणी लिहिले नाही म्हणून थोडी वेगळी बाजू मांडते. मी दोन वर्षे केवळ व्हिडिओंवर शिकले आणि माझे व्हिडिओ वाईट होते असे म्हणता येणार नाही. वरच्या सगळ्या परीक्षांत ते उतरले असते. तरीही डाव्या मनगटात दुखणे सुरू झाले, कारण मी करंगळीने स्टिक घट्ट आवळत होते आणि ते मला ठाऊकच नव्हते. प्रत्यक्ष शिक्षकाने ते पहिल्या दहा मिनिटांत ओळखले. पडद्यावरचा शिक्षक कितीही चांगला असला तरी त्याला तुमचा हात दिसत नाही. नियमित क्लास जमत नसेल तर दोन महिन्यांतून एकदा तरी कुणाला तरी हात दाखवून या, आणि मधल्या काळात आठवड्यातून एकदा फोन खांद्याच्या उंचीवर ठेवून स्वतःचे पाच मिनिटांचे चित्रण करा. ते शिक्षकाच्या व्हिडिओशेजारी ठेवून पाहणे सुरुवातीला फार लाजिरवाणे वाटते. मी पहिले तीन पुसून टाकले होते.

पॅरडिडल:

उशिरा_शिकलेली यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मी पहिल्या प्रतिसादात हे लिहायला हवे होते. क्लासची जाहिरात वाटेल म्हणून टाळले.

ताशेवाला_नाशिक:

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत येतो आहे, कारण नुसते आभार मानण्याऐवजी काही करून मग लिहावे असे वाटले. आवाज बंद करून पाहण्याच्या परीक्षेत माझ्या यादीतले बहुतेक व्हिडिओ गळाले आणि शेवटी 10 धड्यांची एकच मालिका ठेवली, ज्यात डोक्यावरचा आणि पायांजवळचा असे दोन्ही कॅमेरे आहेत. हातातला धडा 60 ठोक्यांवर दोन मिनिटे न अडखळता वाजल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही असे ठरवले असून सध्या चौथ्यावर अडकलो आहे. स्वतःचे चित्रण पाहिल्यावर कळले की डावी स्टिक उजवीपेक्षा निम्मीच वर येते. 9 वर्षांत हे कुणी सांगितले नव्हते. हळू वाजवण्याचा सराव सर्वांत कठीण जातो आहे, आणि घरच्यांना तोच सर्वांत आवडला आहे.

एक शंका राहिली आहे. पेडल अजून नसल्यामुळे टाच जमिनीला टेकवून चवडा आपटत सराव करतो, पण दहा मिनिटांत नडगीचा स्नायू भरून येतो. मालिकेतला शिक्षक टाच उचलून वाजवतो. मी चुकीचे शिकतो आहे का?

पॅरडिडल:

चुकीचे नाही. टाच टेकवून वाजवताना घोट्यातून हालचाल होते आणि नडगीलगतच्या त्या स्नायूवर भार येतो, त्यामुळे सुरुवातीला तो भरून येणे स्वाभाविक आहे. टाच उचलली की पूर्ण पायाचे वजन मिळते आणि आवाज मोठा होतो. पेडल येईपर्यंत टाच टेकवूनच करा, फक्त तीन-तीन मिनिटांचे तुकडे पाडा आणि दुखू लागले तर थांबा. बसायला काय वापरता ते मात्र तपासा. जेवणाच्या टेबलाची खुर्ची बहुधा बुटकी पडते. मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील इतकी बैठक उंच हवी, म्हणून खुर्चीवर एखादी घट्ट उशी किंवा दुमडलेली सतरंजी ठेवून पाहा आणि मग चौथा धडा पुन्हा वाजवा.