शब्दचर्चा: 'फुप्फुसाचं बीपी' म्हटलं तर चालेल का?

विसर्ग: आईचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला. रिपोर्टाच्या तळाशी लिहिलं होतं, 'मॉडरेट पीएच'. मी तो आम्ल-अल्कलीवाला पीएच समजलो आणि दुपारभर पित्तावरचं वाचत बसलो! मग कळलं, हा पल्मोनरी हायपरटेन्शन. आईला म्हटलं, "फुप्फुसात प्रेशर वाढलंय." तिने दंडावरची बाही वर सारली. "सकाळीच बघितलं, 120/80. तुझं आपलं काहीतरीच." तर मराठीत याला नेमकं काय म्हणावं? शोधलं तर 'फुप्फुसीय उच्च रक्तदाब', 'फुप्फुसीय अतिताण' आणि 'फुप्फुसांचा वाढलेला दाब' अशी तीन नावं सापडली.

काना_मात्रा: 'अतिताण' आधी बाद करा. मूळ शब्दातलं टेन्शन म्हणजे दाब. आपल्याकडे ताण दोरीला येतो, नाहीतर मनाला. हा शब्द वाचून कुणीतरी रुग्णाला "टेन्शन घेऊ नका" असा सल्ला देऊन मोकळा होईल. 'फुप्फुसांचा दाब' हेही नको, वाचणाऱ्याला वाटतं आत हवा कोंडली आहे. दाब रक्ताचा आहे, म्हणून 'रक्त' हा शब्द हवाच.

उजवा_निलय: इको करणं हे माझं रोजचं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. विसर्ग, तुमच्या आईही बरोबर आहेत आणि रिपोर्टही. हृदयाची डावी बाजू सगळ्या शरीराला रक्त पुरवते. दंडाचा पट्टा मोजतो तो तिचा दाब. उजवी बाजू फक्त फुप्फुसांकडे रक्त ढकलते. तिथल्या वाहिन्या पातळ आणि सैल, त्यामुळे तिला फार जोर लावावा लागत नाही. निरोगी माणसात तिथला सरासरी दाब 14 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. तो 20 च्या वर गेला की हे नाव लागतं. पूर्वी ही रेघ 25 वर होती, 2018 मध्ये तज्ज्ञांनी ती खाली आणायचं सुचवलं. म्हणजे दंडावर 120 म्हणजे उत्तम, पण फुप्फुसाच्या वाहिनीत 50 सुद्धा जास्त. वाहिन्या अरुंद किंवा कडक झाल्या की उजवा निलय, म्हणजे हृदयाचा उजवीकडचा खालचा कप्पा, जाड होत जातो, पुढे थकतो. मग जिना चढताना धाप, पायांवर सूज, कधी भोवळ.

आणि इकोवरचा आकडा हा अंदाज असतो. उजवीकडच्या झडपेतून रक्त थोडं मागे गळतं, त्या गळतीचा वेग आम्ही मोजतो. सेकंदाला 3 मीटर असेल तर 3 चा वर्ग गुणिले 4, म्हणजे 36. त्यात उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, दाबाचे 5 धरले की 41. हा वरचा दाब झाला, सरासरी नव्हे. पक्कं मोजायचं तर नळी आत घालावी लागते.

नीलकंठ_नव्हे: रक्तवाहिनीचं नाव घ्यायचं तर 'फुप्फुस रोहिणी' असा जुना शब्द आहे, पण इथे गंमत होते. रोहिणी म्हणजे लाल, नीला म्हणजे निळी. शाळेत घोकलेलं, 'शुद्ध रक्त नेते ती रोहिणी'. फुप्फुस रोहिणीतून मात्र प्राणवायू कमी असलेलं काळपट रक्त जातं, म्हणजे नाव लाल आणि माल निळा! जुन्या युरोपीय वैद्यांचीही इथेच पंचाईत झाली होती. लॅटिनमध्ये ते हिला 'रोहिणीसारखी नीला' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. त्यापेक्षा 'धमनी' बरी. 'धम्' म्हणजे फुंकणे, भात्यासारखे. त्यात रंगाचा संबंधच नाही.

काना_मात्रा: मग 'फुप्फुसधमनीचा उच्च रक्तदाब' हेच नाव पक्कं करूया का?

उजवा_निलय: थांबा, इथेच भाषांतरं फसतात. दाब मोजतो तो त्याच धमनीत, हे खरं. पण वैद्यकात ते नाव एकाच गटाला दिलेलं आहे. एकूण गट पाच. पहिल्यात आजार खुद्द फुप्फुसातल्या लहान धमन्यांचा, आणि तो दुर्मीळ. सर्वांत जास्त आढळतो तो दुसरा, डाव्या हृदयाच्या दुखण्यामुळे दाब मागे तुंबून होणारा. तिसरा फुप्फुसांच्या रोगांमुळे, चौथा मुख्यतः जुन्या गुठळ्यांमुळे, पाचव्यात उरलेली मिश्र कारणं. सिल्डेनाफिलसारखी औषधं पहिल्या गटात कामाची, दुसऱ्यात सरसकट देत नाहीत, काही तर अपायही करतात. दोन्हींना एकच मराठी नाव दिलं तर रुग्ण भलत्याच गटाची माहिती वाचून डॉक्टरांशी भांडायला येतो. येतातच! सगळ्यांना मिळून 'फुप्फुसीय उच्च रक्तदाब' ठेवा आणि धमनीवालं नाव पहिल्या गटापुरतं राखा.

विसर्ग: पटलं. आणखी एक, शेजारचे आईला "दमा झालाय" म्हणतात. तिला दम लागतो, दमा नाही. एका कान्याचा फरक.

काना_मात्रा: त्या कान्यापायी लोक उगाच पंप ओढत बसतात. बोलताना तुम्ही 'फुप्फुसाचं बीपी' म्हणा. नाहीतरी "मला बीपी आहे" म्हटलं की ते वाढलेलंच असतं.

नीलकंठ_नव्हे: फुप्फुस की फुफ्फुस, हे राहिलंच. दोन्ही चालतात. मी पहिलं लिहितो, कारण सुश्रुतसंहितेतलं रूप ते आहे. तिथे फुप्फुस रक्ताच्या फेसापासून झालं असं म्हटलंय. हातात धरल्यावर स्पंजासारखं लागतं, म्हणून सुचलं असावं.

विसर्ग: आईला सांगितलं, "दंडाचं बीपी वेगळं, फुप्फुसाचं वेगळं." ती म्हणे, "मग पट्टा कुठे बांधतात?"

उजवा_निलय: सांगा त्यांना, पट्टा नाही. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालतात. त्यांना ती लागेलच असं नाही, आधी हृदयाची डावी बाजू नीट बघू देत.