किटच्या बिअरला हॉप्सचा वास आणि चव वाढवायची तर काय करावं?

फेसबहाद्दर:
नमस्कार मंडळी. घरी डब्यातल्या किटची पेल एल (फिकट रंगाची बिअर) करतोय, तेच नेहमीचं १.७ किलोचं किट, २३ लिटरला. बिअर वाईट होत नाही, स्वच्छ लागते, कडूपणाही आहे, पण ग्लास तोंडाशी नेला की हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, जो वास यायला पाहिजे तो अजिबात येत नाही. एकजण म्हणाला अख्खा डबाच हॉप्सबरोबर तासभर उकळ, दुसरा म्हणतो फर्मेंटरमधे (बिअर आंबवायच्या भांड्यात) वरून टाक आणि विसरून जा. कॅस्केड जातीच्या हॉप्सच्या ५० ग्रॅम पेलेट्स (दाबून केलेल्या गोळ्या) आणल्यात, पाकीट अजून फोडलं नाहीये. कधी टाकू, किती टाकू? आणि न उकळता टाकले तर बिअर नासणार नाही ना?

कडूनिंब:
डबा उकळू नका हो प्लीज. त्यातला एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) घट्ट अर्क, आधीच हॉप्स घालून तयार केलेला असतो, कडूपणा कंपनीने मोजूनमापून घातलेला असतो. हॉप्समधली अल्फा आम्लं बराच वेळ उकळली की कडू होतात, आणि तेवढ्याच वेळात वास देणारी तेलं वाफेबरोबर उडून जातात, म्हणजे तासभर उकळून तुम्हाला जे नकोय तेच वाढणार आणि जे हवंय ते घरभर पसरणार.

दुसरा म्हणतोय ते अर्धं बरोबर आहे. वरून टाका, पण विसरू नका. फर्मेंटेशनचा जोर ओसरला, फेस खाली बसला की टाका, ३-४ दिवस ठेवा आणि बाटल्या भरा. लिटरला २ ग्रॅम म्हणजे तुमचं ५० ग्रॅमचं पाकीट जवळपास पुरतंय. आठवडेच्या आठवडे पडून राहिले तर गवतासारखी चव उतरायला लागते. नासायची भीती नको, तोवर बिअरमधे अल्कोहोल झालेलं असतं, पीएच खाली आलेला असतो आणि हॉप्स स्वतःच बऱ्याच जंतूंना दाबतात. कात्री, पिशवी, हात तेवढे सॅनिटाइझ करा.

जुना बुधला:
असे वरून हॉप्स टाकण्याने, म्हणजे ड्राय हॉपिंगने, नाकाला मजा येते पण घोट घेतल्यावर तोंडात चव पाहिजे तर ती तेवढ्याने येत नाही, निदान मला तरी ते दोन वेगवेगळे वाटतात. माझ्या मते थोडं उकळावं, पण डबा नाही. ३ लिटर पाण्यात ३०० ग्रॅम लाइट ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (तोच अर्क, फिकट आणि कोरड्या पुडीचा) घाला, उकळी आली की अर्धे हॉप्स टाका, १० मिनिटांत गॅस बंद, गाळून फर्मेंटरमधे ओता आणि त्याच गरम पाण्यात डबा ढवळून विरघळवा, मग गार पाण्याने २३ लिटर करा आणि तापमान उतरल्यावरच यीस्ट टाका. कडूपणा थोडासा वाढतो पण २३ लिटरमधे तो कळतही नाही फारसा.

आणि एक विचारायचं राहिलं, किटबरोबर किलोभर साखर टाकता का? टाकत असाल तर आधी ती बंद करा. साखर पूर्ण आंबून जाते, मागे काही ठेवत नाही, बिअर पाणचट होते आणि अशा बिअरमधे हॉप्स कितीही घाला उघडेच पडतात. तिच्याऐवजी माल्ट एक्स्ट्रॅक्ट वापरा, तोही पुरता किलोभर, वरचे ३०० ग्रॅम त्यातलेच धरा.

कडूनिंब:
@जुना बुधला साखरेचं एकदम पटलं. पण उकळायचीही गरज नाही. पाणी ७५-८० अंशांवर आणून हॉप्स त्यात २० मिनिटं झाकून ठेवा, चहासारखं. त्या तापमानाला कडूपणा फारच हळू तयार होतो, तेलं मात्र उतरतात, आणि झाकण असल्यामुळे उडूनही जात नाहीत.

रिकामी बाटली:
सगळ्यांनी हॉप्स कधी टाकायचे ते सांगितलं, टाकल्यावर काय होतं ते कोणी नाही सांगितलं. हॉप्समधे एन्झाइम असतात, ते बिअरमधे उरलेली मोठ्या रेणूंची साखर तोडतात आणि यीस्ट परत कामाला लागतं. म्हणजे १.०१२ वर थांबलेली ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, साखर आंबली की ती उतरते) आणखी खाली सरकू शकते, आणि हे जर बाटलीत घडलं, वर प्रायमिंगची (बाटलीत गॅस धरावा म्हणून घातलेली) साखर आहेच, तर बाटल्या फुटू शकतात. त्यामुळे एअरलॉककडे (गॅस बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या झडपेकडे) बघून ठरवू नका, हायड्रोमीटरने दोन-तीन दिवसांच्या अंतराने ग्रॅव्हिटी मोजा आणि आकडा हलत नसेल तरच भरा. दुसरं म्हणजे झाकण सारखं उघडू नका, ढवळू तर अजिबात नका. हवा लागली की हॉप्सचा वास आधी जातो आणि मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

जाता जाता, घरात कुत्रा असेल तर वापरलेले हॉप्स त्याच्या तोंडाला लागतील असे टाकू नका. कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात, अंगाचं तापमान भयानक चढतं, जीवही जाऊ शकतो.

फेसबहाद्दर:
बापरे, कुत्रा आहे घरात, बरं झालं सांगितलंत. साखरही किलोभरच टाकत होतो, चोर सापडला. आता असं करतो, साखरेच्या जागी एक्स्ट्रॅक्ट, २० ग्रॅम १० मिनिटं उकळून आणि ३० ग्रॅम शेवटी वरून. पिशवीत टाकू का मोकळे?

कडूनिंब:
मोकळे टाकलेत तर चांगले पसरतात, पण पेलेट्सचा पार भुगा होतो आणि तो नळात अडकतो. फर्मेंटर फ्रीजमधे मावत असेल तर मोकळे टाका आणि भरायच्या आधी दीड-दोन दिवस गार करा, सगळा गाळ खाली बसतो. मावत नसेल तर पिशवी, पण ऐसपैस घ्या कारण पेलेट्स फुगतात, आणि आत उकळलेला स्टीलचा चमचा वजनाला ठेवा नाहीतर वर तरंगत बसेल. ते ३० ग्रॅम टाकायच्या दिवसापर्यंत पाकिटातली हवा दाबून काढून, घट्ट बंद करून फ्रीझरमधे ठेवा.

जुना बुधला:
बाटल्या तपकिरीच घ्या. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला ऊन लागलं की हॉप्समधूनच घाणेरडा वास तयार होतो. आणि ही बिअर मुरवत ठेवायची नाही, गॅस धरला की प्यायला घ्या, महिना-दोन महिन्यांत वास उतरायला लागतो.