मदत हवी आहे: रूट पार्टिशन (डिस्कचा उबुंटू असलेला भाग) भरलं, शेजारी १०५ जीबी मोकळी, तरी वाढवता येत नाही

तापीकाठ, रावेर
केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसातला डेस्कटॉप. उबुंटू लिनक्स, १६० जीबीची जुनी हार्डडिस्क, एमबीआर टेबल (डिस्क विभागण्याची जुनी पद्धत). पासवर्ड बरोबर टाकूनही स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत लॉगिनवरच येते. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ च्या टेक्स्ट स्क्रीनवर 'डीएफ -एच' (जागा किती वापरली ते सांगणारी कमांड) दिलं तर एसडीए१, म्हणजे रूट, १००% भरलेलं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीपार्टेडमध्ये (पार्टिशन बदलण्याचं सॉफ्टवेअर) क्रम असा दिसतो: एसडीए१ ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) ४० जीबी, मग एसडीए२ एक्स्टेंडेड (आत इतर पार्टिशन ठेवणारं), त्यात फक्त एसडीए५ स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) ४ जीबी, शेवटी १०५ मोकळी. रीसाइझची पट्टी उजवीकडे हलतच नाही.

भरीतपुरी
हलणार कशी भो, मध्ये स्वॅप आडवं बसलंय. पार्टिशन फक्त लगतच्या मोकळ्या जागेतच वाढतं. (१६० ची बेरीज १४९ येते ती बरोबर आहे, कंपनी हजाराने मोजते, जीपार्टेड १०२४ ने.)

आधी डेटा बाहेर कॉपी करा. एसडीए५ समोर किल्लीचं चिन्ह असेल, कारण लाइव्ह उबुंटू डिस्कवरचं स्वॅप आपणहून वापरायला घेतं. राइट क्लिक, 'स्वॅपऑफ'. मग एसडीए५ डिलीट, त्यानंतरच एसडीए२ डिलीट होईल. आता एसडीए१ शेवटपर्यंत ओढा आणि हिरवी टिक दाबा. सुरुवात जागची हलत नाही म्हणून डेटा कॉपी होत नाही, काम मिनिटांत उरकतं. यूयूआयडीही (पार्टिशनचा ओळख क्रमांक) तोच राहतो, त्यामुळे ग्रबला (उबुंटू सुरू करणारा प्रोग्राम) हात लावू नका.

सातपुडा
तरी यूपीएस लावाच. मोकळी जागा रूटच्या डावीकडे असती तर अख्खं पार्टिशन सरकवावं लागलं असतं; त्यात मध्येच लाईट गेली की अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या.

तापीकाठ
वाढलं, लॉगिनही झालं! पण चालू होताना 'स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणत दीड मिनिट थांबतं.

भरीतपुरी
ते डिलीट केलेलं स्वॅप शोधतंय. इटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅबमध्ये (चालू होताना कोणती पार्टिशनं जोडायची त्याची यादी) स्वॅपच्या ओळीच्या सुरुवातीला # टाका, म्हणजे ती ओळ वगळली जाईल. रूटवरच ४ जीबीची स्वॅपफाइल करा: परवानगी ६०० (फक्त रूट युजरला वाचता-लिहिता येईल अशी), मग एमकेस्वॅप, स्वॅपऑन या कमांड, आणि तिची ओळ एफएसटॅबमध्ये. परवानगी विसरलात तर स्वॅपऑन कुरकुर करतं. एवढ्यानंतरही सुरुवातीला थांबलं तर इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या (चालू होतानाची सुरुवातीची फाइल बनवणारी साधनं) रेझ्यूम फाइलमध्ये जुन्या स्वॅपचा यूयूआयडी असेल. तिथे त्याच्या जागी 'नन' लिहून 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' चालवा.

तापीकाठ
जुना यूयूआयडी रेझ्यूममध्येच होता.