मंदीत ऑफिसची कामं बाहेर द्यावीत का?

सातपूरकर: इथं कुणीतरी लिहिलंय, 'हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, पगारपत्रक एजन्सीला द्या, ऑर्डरी घटल्या की खर्च आपोआप घटतो.' आपोआप? करार वाचा आधी. किमान बिलिंग आणि दोन महिन्यांची नोटीस असली, की १२ माणसांची ८ करायला सांगूनही दोन महिने १२ चंच बिल येतं.

हिशेबवही: मग कलम बदलून घ्या की! '१५ दिवसांच्या नोटिशीवर एक चतुर्थांश माणसं कमी-जास्त', आणि पगारपत्रक माणशी दरानं. घरचा क्लार्क ठेवलात तर काम अर्धं होऊनही पगार पूर्ण. १५,००० वर मालकाचा पीएफ, विमा-प्रशासन आकार धरून, १३ टक्के म्हणजे १,९५०, ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के म्हणजे ४८७.५०. बोनस, रजा वेगळ्याच.

अंबड लिंक रोड: ते सगळं एजन्सी तुमच्याच बिलात लावते हो! वर सेवाशुल्क, आणि १८ टक्के जीएसटी पगार-पीएफसकट अख्ख्या बिलावर.

हिशेबवही: कारखान्याला त्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, आपल्या करातून वळता होतो.

अंबड लिंक रोड: शाळा-हॉस्पिटलला नाही मिळत. आणि सिक्युरिटीवाला प्रोप्रायटर असेल तर आरसीएम, म्हणजे जीएसटी त्याच्याऐवजी आपणच सरकारला भरायचा. कर आधी रोखीत भरा, क्रेडिट मागाहून. मंदीत रोखीचीच बोंब असते.

सातपूरकर: खरी मेख पीएफची. जुलैचं बिल १ ऑगस्टला येतं, जुलैचं चलन भरायची मुदत १५ ऑगस्ट. म्हणजे बिलाला जोडलेलं चलन जूनचं! तेही एजन्सीच्या सगळ्या साइटचं मिळून एकच. ईसीआरमधले (पीएफच्या मासिक विवरणातले) यूएएन, म्हणजे कामगारांचे पीएफ नंबर, आपल्या मस्टरशी (हजेरीपटाशी) ताडा. हजेरी २६ दिवस आणि एनसीपी (बिनपगारी दिवस) रकान्यात ८ दिसले, तर ८ दिवसांचा पीएफ गिळला.

हिशेबवही: एजन्सीची चोरी एजन्सी निस्तरेल.

सातपूरकर: धन्य! १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून ठेकेदारानं पगार थकवला तर मुख्य मालकानं द्यायचा, मग ठेकेदाराकडून वसूल करायचा. पीएफचंही तसंच. करार तोडताना शेवटचं बिल चलन हातात येईपर्यंत सोडायचं नाही, हे कलम कोण घालतं?

गंगापूर रोड: शिवाय तुमचा सुपरवायझर एजन्सीच्या माणसांना थेट कामं सांगतो, रजा मंजूर करतो. उद्या वाद झाला की ती माणसं तुमचीच, करार नुसता देखावा ठरतो.

हिशेबवही: बरं, शेवटच्या बिलाचं मान्य. बाकी हौस असेल तर यूएएन मोजत बसा.

सातपूरकर: मोजतोच. दर महिन्याच्या १६ तारखेला.