मदत हवी आहे : मालाचे पैसे थकले, दावा ठाण्यात करावा की पनवेलला?

खोकेवाला_रबाळे
नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा लहानसा कारखाना आहे. तळोज्याच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडे आमचे ६ लाख ८० हजार रुपये थकले आहेत. बिले आणि माल मिळाल्याची सही-शिक्क्याची चलने हाताशी आहेत. "आमच्या पार्टीचे आले की तुमचे सोडतो" एवढेच उत्तर आजवर मिळत होते. आता खोकी कमी प्रतीची होती असे नवे कारण पुढे आले आहे. दावा ठाण्यात करावा की पनवेलला, आणि संचालकांच्या खारघरच्या फ्लॅटवर जप्ती आणता येईल का, एवढेच सांगावे. 'वकील गाठा' हा सल्ला कृपया नको.

तलावपाळी
बिले कोणत्या तारखांची आहेत आणि उधारीची मुदत किती ठरली होती, हे आपण लिहिलेलेच नाही. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या पैशांसाठी तीन वर्षांत दावा करावा लागतो, आणि उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती तीन वर्षे ती मुदत संपल्यापासून मोजतात. हे गणित प्रत्येक बिलाचे स्वतंत्र असते.

जप्तीचे म्हणाल, तर कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते. संचालकाने वैयक्तिक हमी दिली नसेल, तर कंपनीच्या कर्जासाठी त्याच्या घरापर्यंत सहसा पोहोचता येत नाही.

घणसोली_७७
कोर्टाच्या भानगडीत पडूच नका. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उपक्रम कायद्याखाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकबाकीत समेट किंवा लवाद करणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करा. ४५ दिवसांपुढे उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते, आणि निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. माझे पैसे याच मार्गाने सुटले.

कोपरीकर
त्यापेक्षा त्यांच्याकडून धनादेश घ्या. तो वटला नाही की ३० दिवसांत नोटीस द्यायची, त्यांना १५ दिवस द्यायचे आणि पुढच्या एका महिन्यात धनादेश न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ खाली तक्रार ठोकायची. फौजदारीशिवाय कोणी हलत नाही.

तलावपाळी
कोपरीकर, जो माणूस पैसे देत नाही तो धनादेश तरी कशाला देईल? प्रश्न हातातल्या कागदांवर काय करता येईल असा आहे.

खोकेवाला_रबाळे
उधारी ३० दिवसांची. पहिले बिल १२ मे २०२३ चे, शेवटचे जानेवारी २०२४ चे. उद्यम नोंदणी २०२४ च्या जूनमध्ये झाली. आता तरी ठाणे की पनवेल ते सांगा.

घणसोली_७७
नोंदणी आहे ना, मग झाले काम.

नेरूळची_वकील
घणसोलीकर, इतके सोपे नाही. माल पुरवल्यानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ मागील व्यवहारांना मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ मध्ये म्हटले होते. जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने वेगळे मत मांडून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. त्यामुळे केवळ कौन्सिलच्या भरवशावर राहून ११ जून २०२६ ओलांडू देऊ नये, कारण पहिल्या बिलाच्या दाव्याची मुदत तेव्हा संपते.

स्थळाविषयी : तळोजे पनवेल तालुक्यात म्हणजे रायगड जिल्ह्यात येते आणि रबाळे ठाणे जिल्ह्यात. प्रतिवादी जेथे व्यवसाय करतो तेथे, किंवा दाव्याचे कारण पूर्णतः वा अंशतः जेथे घडले तेथे दावा चालतो. ऑर्डर रबाळ्यात स्वीकारली गेली असेल आणि पैसेही तेथेच द्यायचे ठरले असतील, तर ठाण्याची बाजू भक्कम होते. बिलाच्या तळाशी 'न्यायक्षेत्र ठाणे' छापल्याने ज्या न्यायालयाला मुळात अधिकार नाही त्याला तो मिळत नाही; अधिकार असलेल्या दोहोंपैकी एक निवडता येते, तेही दोन्ही पक्षांची संमती असेल तर.

रक्कम तीन लाखांच्या वर असल्याने हा २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याखालील वाद ठरतो. तातडीचा अंतरिम दिलासा (निकालाआधीचा तात्पुरता आदेश) मागायचा नसेल, तर कलम १२अ प्रमाणे आधी विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी अर्ज करणे बंधनकारक आहे. तो टप्पा वगळलेला दावा फेटाळला जातो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरला जात नाही.

प्रतीच्या तक्रारीची फार धास्ती घेऊ नये. वाजवी कालावधीत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे १९३० चा मालविक्री कायदा मानतो. त्यांनी लेखी तक्रार कधी केली होती का?

जीएसटीवाला_वाशी
एक महत्त्वाची गोष्ट राहिली. खरेदीदाराने १८० दिवसांत बिल चुकते केले नाही, तर त्याने घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) त्याला व्याजासह परत करावे लागते.

खोकेवाला_रबाळे
लेखी तक्रार कधीच आली नाही. क्रेडिट त्यांनी परत केले की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. मी आणि मेहुणे अशी आमची भागीदारी आहे. उद्याच फर्मच्या नावाने अर्ज करतो.

नेरूळची_वकील
थांबा. फर्म रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदलेली आहे का?

खोकेवाला_रबाळे
भागीदारीपत्र स्टॅम्प पेपरवर आहे, जीएसटी आहे, पॅन आहे. आणखी कसली नोंदणी?

नेरूळची_वकील
त्यांपैकी एकही गोष्ट फर्मची नोंदणी नव्हे. १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम ६९ असे की, नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी तिऱ्हाइताविरुद्ध, म्हणजे फर्मबाहेरच्या कोणाविरुद्ध, दावा लावता येत नाही. दावा लावल्यानंतर केलेली नोंदणी उपयोगी पडत नाही. ती आधीच हवी. म्हणून आधी नोंदणीचा अर्ज, त्याच आठवड्यात मध्यस्थीचा अर्ज, आणि रजिस्टरमध्ये दोघांची नावे चढल्यावरच दावा. दरम्यान थकबाकी मान्य असल्याचे पत्र त्यांच्या सहीनिशी मिळाले, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. मात्र जुनी मुदत संपण्यापूर्वीच ते मिळायला हवे.

घणसोली_७७
कलम ६९ लवादाला लागत नाही, असे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे. म्हणून पुन्हा सांगतो, कौन्सिल.

खोकेवाला_रबाळे
मेहुणे दुबईला असतात आणि दिवाळीशिवाय येत नाहीत. त्यांच्या सहीवाचून नोंदणी होईल का?

नेरूळची_वकील
अर्जावर सर्व भागीदारांची किंवा त्यांनी खास अधिकार दिलेल्या प्रतिनिधींची सही चालते. दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र त्यांनी पाठवावे, आणि ते येथे पोहोचल्यावर त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे.