धर्मसंस्थेवर विश्वास नाही, पण गुरुद्वाऱ्यात जावंसं वाटतं. असं अजून कोणाचं होतं का?

किल्ल्याखालची (लश्कर, ग्वाल्हेर)

नमस्कार सगळ्यांना, बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून शेवटी इथे विचारतेय. आमच्या घरी सगळं साग्रसंगीत असतं, गणपती, महालक्ष्म्या, श्रावणात सत्यनारायण, आणि मी कामाला नाही म्हणत नाही, पुरणावरणाचा स्वयंपाक करते, सगळं करते, पण आतून काही वाटत नाही. उलट रागच येतो. पत्रिका जुळली नाही म्हणून ताईचं चांगलं स्थळ गेलं, आजी गेली तेव्हा घरात रडायला वेळ नव्हता कारण दहाव्याला काय आणि तेराव्याला काय याची यादी चालली होती, वर दक्षिणेवरून घासाघीस. तेव्हापासून मी मनात पक्कं केलं की देव असेल नसेल मला माहीत नाही पण मध्ये बसलेली ही माणसं मला नकोत.

आता गोष्ट अशी की ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर मी किल्ल्यावरच्या दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात जायला लागले आणि तिथे मला असं काही होत नाही. कोणी गोत्र विचारत नाही, पावती फाडा म्हणत नाही, आत कुठून जायचं बाहेर कुठून यायचं यात मोठा छोटा नाही. लंगरमध्ये जमिनीवर बसायचं, शेजारी कोण बसलंय ते बघायचं नाही, जेवून झालं की वाटलं तर भांडी घासायला लागायचं. आणि ती बंदी छोडची गोष्ट तर लहानपणापासून ऐकलेली, जहांगीर बादशहानं शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद केलं आणि सोडायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले एकटा नाही जाणार, मग तिथेच कैदेत असलेले ५२ राजे त्यांच्या चोग्याची टोकं धरून बाहेर आले. यात चमत्कार नाहीये बघा, आकाशातून काही पडलं नाही, एक माणूस दुसऱ्यांना सोडून जायला तयार नाही एवढंच आहे, आणि मला तेच आवडतं.

पण डोक्यात शंका आहेतच. तिथे खरंच पुजारी नाही का, की मला दिसत नाही? देवाबद्दल ठाम नसलेल्या माणसाला तिथे काही जागा आहे का? की मी पाहुणी आहे म्हणून मला सगळं छान छान दिसतंय आणि आत गेलं की तेच राजकारण तेच सगळं? ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी खरं सांगा, वाईट वाटणार नाही.

अर्धा_पंजाबी

ताई, माझी आई मराठी आणि वडील शीख, आम्ही ग्वाल्हेरचेच, त्यामुळे दोन्हीकडचं बघत मोठा झालोय.

पुजाऱ्याचं आधी सांगतो. ग्रंथी असतो, तो ग्रंथसाहिबची देखभाल करतो, पाठ करतो, बहुतेक ठिकाणी पगारावर असतो. पण तो तुमच्या आणि वाहेगुरूच्या, म्हणजे देवाच्या, मध्ये उभा नाही. पाठ कोणताही शीख करू शकतो, बाई असो की पुरुष, कोणत्याही जातीचा, आमच्या घरी आत्या करायची. १७०८ ला नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवायच्या आधी गुरुपद ग्रंथाला दिलं, त्यामुळे आता मी गुरू आहे असं म्हणत कोणी माणूस गादीवर बसू शकत नाही. पंजाबात डेरे आहेत, बाबा आहेत, लोकं त्यांच्या मागे जातात हेही खरं, पण ते ग्रंथाच्या विरुद्ध जाऊन. तुम्ही जे घरातलं लिहिलंत ना, मुहूर्त, पत्रिका, श्राद्ध, त्याला रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, सरळ मनाई आहे, ही मर्यादा गुरुद्वाऱ्यांचा कारभार बघणाऱ्या शिरोमणी कमिटीनं १९४५ ला मंजूर केली. माझे आजोबा गेले तेव्हा पाठ झाला, कीर्तन झालं, अरदास म्हणजे प्रार्थना झाली, लंगर झाला आणि संपलं, कुणाला काय द्यायचं याची यादी नव्हती.

आता दुसरी बाजू, जी ऐकायला नास्तिक मित्रांना आवडत नाही. त्याच मर्यादेत शीख कोण हे पहिल्याच कलमात लिहिलंय, एका अकालपुरुषावर म्हणजे देवावर श्रद्धा, दहा गुरूंवर, ग्रंथावर, अमृतावर म्हणजे दीक्षेवर श्रद्धा, आणि दुसरा धर्म मानत नाही तो. म्हणजे श्रद्धा हा पाया आहे, ती बाजूला काढून शीख धर्म म्हणजे फक्त समाजसेवा असं कोणी म्हणालं तर ते मला पटत नाही. गुरू नानकांनी तीन गोष्टी सांगितल्या, कष्टाचं खा, वाटून खा आणि नाम जपा. शंका असणारी लोकं पहिल्या दोन घेतात आणि तिसरीला हात लावत नाहीत. घ्या, तुम्हाला कोणी दारातून हाकलणार नाही, लंगर विश्वास विचारून वाढत नाहीत. पण त्या भांडी घासणाऱ्या बायकांकडे नीट बघा, हात चालू असताना ओठ पण चालू असतात. त्यांच्यासाठी ते दोन नाहीत एकच आहे.

आणि संघटित धर्म वाईट असं तुम्ही धरून चालला आहात, त्यावर थोडं भांडायचंय. शंभर वर्षांपूर्वी बरेच मोठे गुरुद्वारे महंतांच्या हातात होते, बापाकडून मुलाकडे नाहीतर गुरूकडून चेल्याकडे, जमिनीचं उत्पन्न त्यांचं, मर्जी त्यांची. ते सोडवायला लोकांनी काय केलं? संघटना केली. १९२० ला शिरोमणी कमिटी झाली, १९२१ ला ननकाना साहिबला, गुरू नानकांच्या जन्मस्थानी, महंताच्या माणसांनी निःशस्त्र शीख मारले, मोर्चे निघाले, लोकं तुरुंगात गेली, तेव्हा कुठे १९२५ चा गुरुद्वारा कायदा आला आणि मतदानानं निवडलेली कमिटी कारभार बघायला लागली. म्हणजे पुजाऱ्याच्या मक्तेदारीवर औषध म्हणून संघटना आली. नंतर त्या कमिटीत पण पक्ष शिरले, पैसा शिरला, २०११ नंतर कितीतरी वर्षं निवडणूकच झाली नाही. हे राजकारण तुम्हाला दिसेल, दिसणारच. मी त्यावर चिडतो, वडील तर माझ्यापेक्षा जास्त चिडतात. पण एकटा एकटा प्रत्येकजण आपला आपला चांगला राहिला असता तर ननकाना साहिब आजही महंताकडेच असतं असं मला वाटतं.

नामा_दारवंटा

बेटा, मी साठीच्या पुढचा माणूस, दर एकादशीला भजनाला जाणारा, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं वाटेल.

तुला किल्ल्यावर जे भेटलं त्यातलं काही आपल्याकडूनच तिकडे गेलेलं आहे. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ ला ग्रंथ सिद्ध केला त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. कबीर, रविदास, शेख फरीद पण आहेत. शिंपी, विणकर, चांभार आणि मुसलमान फकीर एका ग्रंथात, आणि त्या ग्रंथापुढे सगळे डोकं टेकवतात. त्यात नामदेवांचं एक पद आहे, मी हसतखेळत तुझ्या देवळात आलो आणि भजन करताना मला धरून बाहेर काढलं, मग मी मागच्या बाजूला जाऊन बसलो आणि देऊळच माझ्याकडे फिरलं. दुसऱ्या एका पदात म्हणतात की हिंदू देवळाला पुजतो, मुसलमान मशिदीला, नामा त्याची सेवा करतो ज्याला देऊळ पण नाही आणि मशीद पण नाही. तुझ्या मनात जे चाललंय ते सातशे वर्षांपूर्वीच्या आपल्या माणसानं बोलून ठेवलंय. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमानला त्यांचं स्थान आहे, २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच झालं.

आता मला जे टोचतं ते पण लिहितो. नामदेवांची पदं पंजाबनं १६०४ ला ग्रंथात घेतली, आणि पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना कधी उघडलं, १९४७ ला, ते पण साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं तेव्हा. चोखोबांची समाधी आजही बाहेर नामदेव पायरीजवळ आहे. आपल्याकडे संत होते, शब्द होते, पण ते शब्द आपण गाण्यात ठेवले आणि देवळाच्या दाराला लागू केले नाहीत. तिकडे त्यांनी पंगत केली, रोजची, आधी पंगतीत बस मग संगतीत ये अशी रीत तिसऱ्या गुरूंनी, अमरदासांनी घालून दिली. माझ्या मते एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे. म्हणून तू किल्ल्यावर जातेस याचं मला वाईट वाटत नाही, तू जाऊन ती ६१ पदं वाच एवढंच सांगेन.

महूकर

काका, तुमचं लिहिणं मनाला लागलं, पण एक बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. मी महूचा, बाबासाहेबांच्या जन्मगावचा, सध्या ग्वाल्हेरला नोकरी.

१९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर त्यांनी शीख धर्माचा अगदी गंभीरपणे विचार केला होता, १९३६ च्या एप्रिलमध्ये अमृतसरला शिखांच्या परिषदेत गेले, बोलले. शेवटी १९५६ ला बुद्धाकडे गेले. का, यावर खूप मतं आहेत, मी त्यात जात नाही. पण ज्याला जात सोडायची आहे त्यानं पंजाबातलं गाव एकदा बघावं. मजहबी शीख, रामदासिया या दलित शीख जातींतल्या बहुतेकांकडे जमीन नाही, ती जाट शिखांकडे, कितीतरी गावांत गुरुद्वारे वेगळे, स्मशान वेगळं. २०११ च्या जनगणनेत पंजाबात अनुसूचित जाती जवळपास ३२ टक्के, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा हे प्रमाण जास्त. आणि अनुसूचित जातींच्या यादीत १९५६ ला सगळ्या दलित शिखांना घ्यावं लागलं, कारण धर्म बदलला तरी गाव बदललं नव्हतं.

मी हे धर्माला नावं ठेवायला लिहीत नाहीये. १९२० ची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दलितांमधून नवीन अमृत घेतलेले शीख अमृतसरच्या दरबार साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात, प्रसाद घेऊन गेले आणि तिथल्या पुजाऱ्यांनी तो घ्यायला नकार दिला. वाद झाला, मग ठरलं की ग्रंथसाहिब उघडून हुकूम घ्यायचा, म्हणजे जे पान उघडेल तिथलं पद मानायचं. निघालेला शबद, म्हणजे पद, या नव्या शिखांच्या बाजूचा होता, गुणहीनांनाही तो क्षमा करून आपल्या सेवेला लावतो असा, आणि पुजाऱ्यांना प्रसाद घ्यावा लागला. म्हणजे शिकवण इतकी स्पष्ट आहे की तिच्या नावावर भांडता येतं आणि जिंकता पण येतं. माझ्यासारख्याला हे आकर्षण समजतं. ज्या धर्माच्या ग्रंथातच आपल्याला खाली ढकललंय तिथे भांडून काय करणार? इथे ग्रंथ तुमच्या बाजूनं आहे आणि माणसं कमी पडतायत. तुम्ही जा, पण लंगरची पंगत बघून जात संपली असं लिहू नका, ज्यांची संपली नाही ते वाचत असतात.

तानपुरा_ग्वाल्हेर

सगळे गंभीर बोलतायत, मी फक्त एक जोडतो. जवळजवळ अख्खा ग्रंथ ३१ रागांमध्ये लावलेला आहे. कृष्णराव शंकर पंडितांच्या गावातल्या माणसाला अजून काय पाहिजे? मी देव मानत नाही, पण सकाळी आसा दी वार, म्हणजे पहाटेचं कीर्तन, ऐकायला जातो आणि डोळे मिटून बसतो, कोणी मला उठवून विचारलेलं नाही की तू मानतोस का.

किल्ल्याखालची

सगळ्यांचे खूप आभार, मी रात्री दोनदा वाचलं. काका, ते देऊळ फिरल्याचं पद मला माहीतच नव्हतं. महूकर दादा, तुमचं नीट लक्षात ठेवीन, मला खरंच पंगत बघून वाटलं होतं की झालं, इथे जातच नाही.

अर्धा पंजाबी दादा, एक विचारू का, मी वाचलं की दरबार साहिबच्या आतल्या दालनात बायकांना कीर्तन करू देत नाहीत, हे खरं आहे का? म्हणजे गुरू नानकांनीच म्हटलंय ना की जिच्या पोटी राजे जन्मतात तिला वाईट का म्हणायचं. आणि अजून एक, आईला वाटतंय मी धर्म बदलणार. तिला मी काय सांगू ते मलाच कळत नाहीये, कारण मला कुठेच नाव नोंदवायचं नाहीये. मला फक्त अशा ठिकाणी बसायचंय जिथे खोटं वागावं लागत नाही.

बाड्याजवळची_मावशी

अगं, आईला धर्माचं काही सांगूच नकोस. कुठे जातेस, काय खातेस, कोणाबरोबर असतेस ते सांग. आयांना धास्ती मुलगी हातची जाईल याची असते, ग्रंथाची नसते. माझी मुलगी विपश्यनेला जायला लागली तेव्हा मी पण अशीच घाबरले होते, कोणी नीट सांगितलंच नव्हतं की तिथे करतात काय. आणि घरातली महालक्ष्मी सोडू नकोस, विश्वास नसला तरी आईच्या बरोबरीनं उभं राहणं यात खोटं काही नाही असं मला वाटतं. पत्रिकेच्या वेळी मात्र तोंड उघड. तिथे गप्प बसलीस तर मग सगळीकडेच गप्प बसशील.

अर्धा_पंजाबी

ताई, हो, खरं आहे. मर्यादेत अशी मनाई कुठे नाही, बाकी गुरुद्वाऱ्यांत बायका कीर्तन करतातच, पण दरबार साहिबच्या आत अजून पुरुष रागीच, म्हणजे कीर्तन करणारे, असतात. २०१९ ला पंजाब विधानसभेनं ठराव केला की ही सेवा बायकांनाही द्या. शिरोमणी कमिटीच्या अध्यक्षपदी १९९९ ला बीबी जागीर कौर बसल्या, म्हणजे बाई कमिटीची प्रमुख होऊ शकते आणि आत बसून शबद गाऊ शकत नाही. मला हे चूक वाटतं आणि माझ्या आत्याला तर फारच. ती म्हणते गुरूंनी अडवलं नाही, माणसांनी अडवलंय, म्हणून मी सोडून जाणार नाही, मागत राहणार.

मावशी म्हणतात ते मला पटलं. नाव नोंदवायचं नसेल तर नका नोंदवू, अमृत घ्या म्हणून तुमच्या मागे कोणी लागणार नाही आणि लागलं तर सरळ नाही म्हणा. फक्त रोजचा हुकूमनामा वाचायला लागा, रोज एकच शबद असतो, देवनागरीत हिंदी अर्थासकट मोबाईलवर मिळतो. देवाबद्दलच्या ओळी पटल्या नाहीत तर नाही पटल्या, पण गाळू नका, पूर्ण वाचा. नामदेवांचे शबद आले तर अर्थ इथे टाका, जुन्या मराठीचे शब्द मध्येच येतात ते माझ्या वडिलांना लागत नाहीत, काकांना लागतील.

नामा_दारवंटा

टाका टाका. मी रोज सकाळी बघतो इथे.