नौपाड्याच्या कपाटातलं रिव्हॉल्व्हर
काका, कपाटात सापडलेलं आजोबांचं रिव्हॉल्व्हर कोणतं आणि कोणत्या सालचं, असं तुम्ही विचारलंत. वरच्या प्रतिक्रियांत सगळे वेब्ली (एक ब्रिटिश कंपनी) म्हणताहेत, पण तुमच्या फोटोत घोड्याखाली (म्हणजे मागच्या हॅमरखाली, चाप नव्हे) उजवीकडे मुकुट आणि ‘एनफिल्ड’ स्पष्ट दिसतंय. म्हणजे हे एनफिल्ड या ब्रिटिश सरकारी कारखान्याचं .३८ बोअरचं ‘नंबर २’ मॉडेल. साल त्याच शिक्क्यात खाली असतं. ते झिजलंय म्हणता, तर घोड्याची शेपटी, म्हणजे अंगठ्याने मागे ओढायचं टोक, बघा. १९३८च्या सुधारित मॉडेलपासून ती काढून टाकली, तुमच्याला आहे, म्हणजे बहुधा त्याआधीचं. (नसती तर काहीच ठरलं नसतं, जुन्यांचीही नंतर काढली.) टोकाला टोक भिडवलेले दोन बाण दिसले तर सरकारने विकलेला माल.

आणि घासत बसू नका, शिक्के जातील. आजोबांचा परवाना तुम्हाला चालत नाही. आधी पोलीस ठाण्यात जमा करा, मग वारस म्हणून अर्ज.